रोज नवा व्हिडिओ, की एकच?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात कुणी मोबाईल समोर ठेवून व्यायाम करतं, किंवा ज्यांच्या घरातलं पोरगं-पोरगी पोलीस भरतीची तयारी करतंय, त्यांनी तेवढी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी सवडीने.

मागच्या वर्षी मार्चमध्ये माझं एचबीएवनसी 6.2 आलं. वय 47. मुरुमला बी-बियाणं आणि औषधाचं दुकान, सकाळी नऊ ते रात्री आठ गल्ल्यावर बसून. चालणं म्हणजे गल्ल्यापासून गोडाऊनपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "5.7 च्या खाली ठीक, 6.5 आली की शुगर. तुम्ही मधे आहात. गोळी आत्ता देत नाही. रोज अर्धा तास अंग हलवा, तीन महिन्यांनी परत या."

मी डॉक्टरांचं ऐकणारा माणूस. त्याच रात्री यूट्यूब उघडलं.

तिथे काय नाही ते विचारा. सोमवारी एका पोराचा हिंदीतला झुंबा केला. मंगळवारी एका अमेरिकन माणसाचा वीस मिनिटांचा उड्यांचा प्रकार, त्यात सातव्या मिनिटाला मी खाली बसलो. बुधवारी सूर्यनमस्कार. गुरुवारी "पोट दहा दिवसांत कमी". शुक्रवारी वजनं उचलायचा व्हिडिओ निघाला, पण घरात डंबेल कुठले? मी दुकानातले औषधाचे रिकामे कॅन पाणी भरून आणले, तर बायकोने दारातच अडवलं. "ते विषाचे डबे घरात आणायचे न्हाईत." बरोबरच होतं तिचं. मग पाच-पाच किलो गव्हाच्या दोन पिशव्या उचलल्या. शनिवारी अंग इतकं दुखत होतं की काही केलं नाही. रविवारी परत नवीन काहीतरी शोधलं.

असं तीन महिने चाललं. कष्ट घेतले नाहीत असं कुणी म्हणू नये. घाम गाळला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की मी व्यायाम करायलाव. अंग सतत कुठे ना कुठे दुखायचं, आणि दुखतंय म्हणजे लागू पडतंय असा माझा पक्का समज.

त्याच घरात, त्याच खोलीत, बायकोचा वेगळा कारभार चालला होता. तिने एकच व्हिडिओ धरला. अर्ध्या तासाचा, घरातल्या घरात चालायचा. मधे मधे खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून रेटणं, असलं साधं. पहाटे साडेपाचला लावायची. मी एकदा हसून म्हणलं, "रोज तेच तेच, कंटाळा येत न्हाई का?"

"रोज भाकरी थापताना येतो का, ते कधी विचारलं न्हाईत," ती म्हणाली.

विषय तिथेच संपला.

महिनाभराने माझ्या लक्षात आलं की ती मोबाईल बघतच नाही. उलटा ठेवलेला असतो, नुसता आवाज ऐकत करते. आणखी काही दिवसांनी एका पहाटे रेंज गेली. माझा व्यायाम बंद, कारण पुढचं काय करायचं ते मला माहीतच नव्हतं. ती मात्र अर्धा तास पुरा करूनच थांबली. सगळं तोंडपाठ, म्हणजे अंगपाठ झालेलं.

जूनमध्ये माझं एचबीएवनसी 6.3 आलं. कष्ट करून पॉइंट एकने वाढलं. तिला शुगर नाही, पण तिचं गुडघ्याचं दुखणं होतं, खाली बसली की उठताना हात टेकवावा लागायचा. जूनमध्ये ती निवडायला घेतलेली तूर बाजूला सारून, हात न टेकवता सरळ उठली. तिला स्वतःलाही ते कळलं नाही. मला कळलं, आणि थोडी लाज वाटली.

आता पुतण्याचं सांगतो. खरी पोस्ट त्याच्यासाठीच लिहायला घेतली होती.

बावीस वर्षांचा. बीए झालेला. आपल्या भागातल्या पोरांसाठी सोयाबीन-तुरीच्या भावापलीकडे भरवशाचं काय आहे? कारखाना, दुकान, नाहीतर पुणं. म्हणून पोलीस भरती. पोलीस शिपाई भरतीचं ग्राऊंड 50 मार्कांचं असतं. मुलांना 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर, बाकी मार्क तेवढेच. निम्मे मार्क तरी पडलेच पाहिजेत, आणि त्यातूनही वरच्या नंबरातले, एका जागेमागे दहा जण, लेखीला जातात. म्हणजे नेमकं काय मोजणार हे सरकारने आधीच सांगून ठेवलंय. तीन गोष्टी.

पोराने काय केलं? एका चॅनेलचा "तीस दिवसांत 1600 मीटर" सुरू केला. दहाव्या दिवशी दुसऱ्या चॅनेलवर कुणी म्हणलं, नुसतं पळून होत नाही, उड्या मारा. उड्या सुरू. तिसरा म्हणला पायांना वजन बांधा. चौथ्याने सांगितलं रोज दहा किलोमीटर. त्यात जिममधला मित्र वेगळाच. मी विचारलं, "आरं, नेमकं कुणाचं करायलास?"

"सगळ्यांतलं चांगलं चांगलं घेतोय काका."

पाचव्या आठवड्यात नडगी दुखायला लागली, आतल्या बाजूने, हाडालगत. तो म्हणला, पळून पळून जाईल. गेली नाही. सोलापूरला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पळायचं बंद. ग्राऊंड चार आठवड्यांवर होतं. तो तसाच उतरला. गोळा चांगला टाकला, 100 मीटर ठीक, 1600 ला तिसऱ्या फेरीत लंगडायला लागला. 50 पैकी 31. लेखीच्या यादीत नाव नाही. त्या दिवशी घरी आल्यावर तो बूट काढून ओट्यावर बसला आणि कुणाशीच बोलला नाही. वयाची अट असते, भरती दरवर्षी निघेलच असं नसतं. एक संधी गेली म्हणजे काय गेलं, हे ज्याच्या घरात असा पोरगा आहे त्यालाच कळेल.

मग मी जरा वाचलं, डॉक्टरांना विचारलं. जे समजलं ते सोप्या भाषेत सांगतो.

एक. नवा व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं. तोच व्यायाम थोड्या दिवसांनी परत केला की कमी दुखतं, कारण स्नायू त्या कामाला तयार झालेले असतात. दुखणं हे नवेपणाचं असतं. रोज नवा व्हिडिओ लावणाऱ्याचं अंग रोज दुखणार आणि त्याला रोज वाटणार की आपण लई काम करतोय. मी तीन महिने हेच मोजत होतो.

दोन. कुठलाही व्यायाम सुरू केल्यावर पहिले काही आठवडे जी सुधारणा दिसते, ती बरीचशी शिकण्याची असते. मेंदू आणि स्नायू ती हालचाल नीट करायला शिकतात. खरी ताकद आणि दम त्यानंतर वाढतो. पण आपण दर आठवड्याला पहिलीतच नाव घालतो. दुसरीत जाणार कधी?

तीन. ताकद वाढायला ओझं हळूहळू वाढवावं लागतं. आज दहा वेळा उठलो-बसलो, पुढच्या आठवड्यात बारा. हे कळायला कालचा आणि आजचा व्यायाम एकच पाहिजे. काल झुंबा, आज उड्या, उद्या गव्हाच्या पिशव्या, यात वाढलं काय आणि घटलं काय, कशाला कशाशी ताडून बघणार?

चार. दम लवकर वाढतो, स्नायूही तसे लवकर तयार होतात, पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे सावकाश तयार होतात. पोराला वाटतं आपण अजून पळू शकतो, आणि दमाच्या बाबतीत ते खरंही असतं. नडगी मात्र मागे राहिलेली असते. चार व्हिडिओंचा भार एकाच नडगीवर टाकला की ती बोलणारच. प्रत्येक व्हिडिओवाल्याने आपापला हिशोब नीट केलेला असेल, पण बाकीचे तिघे तुमच्याकडून काय करून घेतायत हे त्यातल्या एकालाही माहीत नसतं.

आणि माझ्या रिपोर्टचं म्हणाल तर, एचबीएवनसी ही साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, कारण रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात. डॉक्टर तीन महिन्यांनी बोलावतात ते यासाठी. म्हणजे एखादा व्यायाम आपल्याला लागू पडतो की नाही याचा निकालच तीन महिन्यांनी लागणार असेल, तर आठ दिवसांत तो बदलणारा माणूस निकाल लागायच्या आधीच शाळा सोडतोय.

हे सगळं मोबाईलमुळे झालं असं म्हणून मोकळं होता येत नाही. एक जुनी गोष्ट आहे, आपल्याच महाराष्ट्रातली.

सातारा जिल्ह्यातल्या औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा आज जो प्रसार दिसतो, त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. संस्थानच्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले, पुस्तकं लिहिली, आणि त्यांच्या नमस्कारांची जुनी मूक चित्रफीत आजही यूट्यूबवर सापडते. मराठी मुलखातला घरबसल्या व्यायामाचा पहिला व्हिडिओ म्हणायला हरकत नाही. पण भवानराव सुरुवातीपासून नमस्कार घालत नव्हते. त्या काळात युजेन सँडो नावाच्या पैलवानाचा जगभर बोलबाला होता. त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं घरबसल्या मागवून लोक व्यायाम करायचे, आज आपण ऑनलाइन कोर्स घेतो तसंच. भवानरावांनी 1897 मध्ये सँडोची पुस्तकं आणि साधनं घेतली आणि त्याच पद्धतीने सुमारे दहा वर्षं नेमाने व्यायाम केला. नंतर मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आयुष्यभर तेच धरून राहिले.

यातला नमस्कार मोठा की सँडो मोठा हा वाद मला घालायचा नाही. मला ती दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. त्यांनी व्यायाम बदलला, जरूर बदलला. पण पहिला पुरता करून, त्याचं काय मिळालं आणि काय नाही ते स्वतःच्या अंगावर बघून मग बदलला. आपण थंबनेल बघून बदलतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकाच व्हिडिओची जाहिरात करायलाव असं वाटेल.

एकाच व्हिडिओत सगळं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलंय की मोठ्या माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. बायकोच्या व्हिडिओत चालणं भरपूर आहे, ताकदीचं कमी आहे. नुसते नमस्कार घालणाऱ्याच्या हातांना रेटण्याचं काम होतं, ओढण्याचं होत नाही. त्यामुळे मिसळणं चुकीचं नाही. आपली बाई आमटीत कढीपत्ता टाकते, लसूण टाकते, आमसूलही टाकते. पण तिला माहीत असतं काय कमी पडलंय. मी डब्यातलं जे हाताला येईल ते टाकत होतो.

कंटाळ्याचंही खोटं नाही. एखाद्याला बदल केल्याशिवाय टिकताच येत नसेल, तर त्याने रोज वेगळं करावं. काही न करण्यापेक्षा ते शंभर वेळा बरं. फक्त त्या वेगळेपणाचा आठवडा ठरलेला असावा. सोमवारचं पुढच्या सोमवारी परत यावं.

जुलैपासून मी काय केलं ते सांगतो. बायकोच्या शेजारी उभा राहिलो. आठवड्यात पाच दिवस तिचा तोच चालण्याचा व्हिडिओ. मंगळवारी आणि शनिवारी सहा ठरलेले ताकदीचे प्रकार, तेच सहा, त्याच गव्हाच्या पिशव्या घेऊन. बियाणं कंपनीने दिलेली डायरी दुकानात पडून होती, तिच्यात रोज दोन ओळी. किती वेळा, किती किलो, गुडघा कसा. ऑक्टोबरला 6.0 आलं, जानेवारीत 5.8. चहा सातवरून दोनवर आणला तेही खरं, म्हणून सगळं श्रेय व्हिडिओला देत नाही. पण चहा कमी करायलाही त्या डायरीनेच लावलं. रोज लिहायला बसलं की माणूस स्वतःशी खोटं बोलायला जरा लाजतो.

पुतण्याने नडगी पूर्ण बरी होऊ दिली. आता तो एकाच माणसाकडे जातो, आमच्याच भागातल्या एका माजी सैनिकाकडे. धावणं, गोळा, 100 मीटर, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. मोबाईल फक्त घड्याळ म्हणून. पुढच्या भरतीत होईल की नाही माहीत नाही. लंगडत नाहीये, एवढं खरं.

शेवटी एक सार्वजनिक मुद्दा, कारण हे माझ्या घरापुरतं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2024 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आकडे दिले. 2022 साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत 42 टक्के, बायकांत 57 टक्के. आणि भारतात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आहेत, माझ्यासारखे दारात उभे असलेले साडेतेरा कोटींच्या आसपास, असं आयसीएमआरच्या 2023 च्या अहवालात आहे. आता हा 57 चा आकडा वाचून कुणी बायकांना आळशी म्हणू नये. दिवसभर खुरपायला जाणाऱ्या बाईला व्हिडिओची गरज नाही, तिला बसायला वेळ मिळायची गरज आहे. पण गावात घरात राहणारी, दुकान-शाळा-ऑफिसात बसणारी जी बाई आहे, तिने चालायचं कुठे? पुरुष पहाटे येणेगूरच्या रस्त्याने जातात, मीही गेलोय. किती बायका दिसतात तिथे? दिव्याखालचा रस्ता नाही, सोबत नाही, आणि "एवढ्या पहाटे कुठं निघालीस" हे विचारणारे दहा जण. तिच्यासाठी तो मोबाईल आणि ती दहा बाय दहाची खोली हेच मैदान. म्हणून तिने निवडलेल्या एका व्हिडिओला हसू नका. माझ्यासारखा माणूस कंटाळला तर रस्त्यावर जाईल. ती जाणार नाही.

आणि पोरांसाठी. गावोगावी ओपन जिमची लोखंडी यंत्रं बसवली जातात. वर्षभराने त्यावर कपडे वाळत असतात. यंत्र बसवायला निधी असतो, ते कसं वापरायचं हे शिकवणाऱ्या माणसाला नसतो. एक सपाट मैदान, मोजून आखलेला 400 मीटरचा ट्रॅक, मातीचा असला तरी चालेल, आणि सकाळी दोन तास उभा राहणारा एक जाणकार माणूस. एवढं असेल तर पोरांना चार चॅनेल कालवावे लागणार नाहीत. पोरगं मोबाईलमध्ये शिक्षक शोधतंय, कारण मैदानावर कुणी नाही.

यूट्यूबचा धंदा आपल्याला पुढचा व्हिडिओ दाखवण्याचा आहे. आपला व्हिडिओ संपायच्या आत पुढचे तयार असतात, आणि प्रत्येकावर लिहिलेलं असतं की आतापर्यंत तुम्ही चुकीचं करत होतात.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. गुडघा, कंबर, बीपी, हृदय यांचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग आपल्याला झेपेल असा एक निवडा. तीन महिने धरा, वहीत लिहा. तीन महिन्यांनी काय कमी पडतंय ते बघा आणि तेवढंच त्यात घाला. आणि घरात भरतीचा पोरगा असेल तर आज संध्याकाळी त्याला जेवताना विचारा, "बाबा, तू नेमकं कुणाचं करायलास?" उत्तर "सगळ्यांचं" असं आलं, तर ताट सारून त्याच्याजवळ बसा.

मी विचारलं होतं. बसलो नाही.